लुटुपुटीचें धन व आपद्ग्रस्तांचें साहाय्य

भूकंप, महापूर, वादळ किंवा युद्ध ह्यांपैकीं एखादें संकट कोठें कोसळलें म्हणजे दूरच्या लोकांच्या मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, आपण काय द्यावें? ज्याच्यापाशीं धान्य असतें तो धान्य देतो, ज्याच्यापाशीं वस्त्र असतें तो वस्त्र देतो, आणि ज्याच्यापाशीं ह्यांपैकीं कांहींच नसतें तो आपल्या अंगच्या कलेचा उपयोग करितो. नाटकमंडळ्या एखादा प्रयोग लावून त्याचें उत्पन्न मदतनिधीस देतात. शाळांतील मुलें हस्तव्यवसायाच्या वस्तू विकून चार पैसे जमवितात. ह्याच जुन्या रीतीचें एक नवें रूप चालू शतकांत उदयास आलें आहे. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांतील वस्तू, ज्या हातांत धरतां येत नाहींत कीं पेटींत ठेवतां येत नाहींत, त्या विकून आपद्ग्रस्तांसाठीं द्रव्य उभारणें, हें तें रूप होय. ही रीति काय आहे, तिच्यांत पैसा कोठून येतो व कोठें जातो, आणि तो योग्य ठिकाणीं पोंचावा म्हणून विकत घेणारानें काय पाहिलें पाहिजे, ह्याचें विवेचन करण्याचें ह्या लेखांत योजिलें आहे.

वस्तु नाममात्र व हेतु खरा, ही कल्पना मुळींच नवी नाहीं. इ. स. १९०४ सालीं डेन्मार्क देशांत आयनार होल्बेल नांवाच्या टपालखात्यांतील एका गृहस्थाच्या सूचनेवरून नाताळच्या पत्रांवर लावण्यासाठीं एक लहानसें चित्रांकित तिकीट काढण्यांत आलें. त्या तिकिटानें पत्र पोंचत नसे. टपालाचें खरें तिकीट निराळें लावावेंच लागे. परंतु त्याच्या विक्रीचा पैसा क्षयरोगी मुलांच्या शुश्रूषेकडे जावयाचा होता, म्हणून लोकांनीं तें आनंदानें घेतलें, आणि ही प्रथा पुढें अनेक देशांत पसरली. आपल्या देशांत १९४९ पासून प्रतिवर्षीं ७ डिसेंबर रोजीं सशस्त्र सेना ध्वजदिन पाळण्यांत येतो. त्या दिवशीं छातीवर लावावयाचा कागदी ध्वज घेऊन आपण जें नाणें डब्यांत टाकतों, तें कागदाची किंमत म्हणून नव्हे, हें लहान मुलासही कळतें. ध्वज ही केवळ खूण होय. खरें महत्त्व देणगीचें. खेळांतील वस्तूंच्या विक्रीचें मर्म समजून घ्यावयाचें असेल, तर हा कागदी ध्वज डोळ्यांपुढें ठेवावा.

आतां ह्या वस्तू कोणत्या, हें पाहूं. हल्लीं असे पुष्कळ खेळ आहेत कीं, ज्यांत निरनिराळ्या देशांतील लाखों लोक इंटरनेटच्या द्वारें एकाच वेळीं एका काल्पनिक जगांत वावरतात. तेथें प्रत्येकाचें एक सोंग असतें. त्या सोंगास वेष चढवितां येतो, वाहन मिळवितां येतें, मागें मागें चालणारा एखादा पाळीव प्राणी बाळगतां येतो. कांहीं खेळांत शेत असतें, तेथें पेरण्यासाठीं बियाणें घेतां येतें. ह्या सर्व वस्तू म्हणजे पडद्यावरील चित्रें, आणि कंपनीच्या दप्तरांत असलेली एक नोंद: अमक्या खेळाडूच्या नांवें अमकी वस्तु जमा आहे. मग अशा वस्तूस पैसे कोण देतो? तर ज्याचा त्या जगांत वावर आहे, तो देतो. बुद्धिबळाच्या पटावरील लांकडी राजास पटाबाहेर कांहीं राज्य नसतें. पण खेळणारास त्याची किंमत असते. ज्या जगांत आपले सोबती आपणांस रोज पाहतात, तेथें आपलें रूप शोभिवंत असावें, ही इच्छा मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

ह्या वस्तूंचा एक विशेष असा आहे कीं, त्यावरच त्यांची दानोपयोगिता अवलंबून आहे. सुतारानें शंभर खुर्च्या विकल्या तर त्यास शंभर खुर्च्यांचें लांकूड व शंभर खुर्च्यांचे श्रम लागतात. त्यानें सारें उत्पन्न दान केलें, तर तो लवकरच भिकेस लागेल. परंतु खेळांतील एक पाळीव प्राणी चित्रकारांनीं एकदां तयार केला कीं, तो एकास विकावा किंवा दोन लाखांस विकावा, प्रत्येक नव्या प्रतीस लागणारा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून कंपनीच्या मनांत आलें, तर किंमतीचा बहुतेक सारा पैसा ती देऊन टाकूं शकते. 'मनांत आलें तर' हे शब्द मात्र विसरतां कामा नये. शक्य असणें निराळें आणि करणें निराळें.

अशा विक्रीच्या मुख्यतः तीन पद्धती आजपर्यंत दिसून आल्या आहेत. पहिली पद्धति म्हणजे मदतीसाठींच एखादी नवी वस्तु काढणें. ता. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती ह्या गरीब द्वीपराष्ट्रांत प्रचंड भूकंप होऊन त्याची राजधानी धुळीस मिळाली. त्या वेळीं झिंगा नांवाच्या अमेरिकन कंपनीचा फार्मव्हिल हा शेतीचा खेळ अत्यंत लोकप्रिय होता. कंपनीनें त्या खेळांत खास बियाणें व आपल्या इतर खेळांत तशाच कांहीं वस्तू विक्रीस ठेविल्या, आणि अवघ्या पांच दिवसांत १५ लाख डॉलर जमवून ते संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे दिले. पुढील वर्षीं, ता. ११ मार्च २०११ रोजीं, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप व त्सुनामी लाटा ह्यांनीं हाहाकार केला, तेव्हां त्याच शेतांत जपानी लोकांच्या नित्याच्या आहारांतील पांढरा मुळा पेरण्यास मिळूं लागला.

ह्याच जपानी आपत्तीच्या वेळीं ब्लिझर्ड ह्या कंपनीनें आपल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या खेळांत हिप्पोग्रिफ नांवाच्या एका काल्पनिक पंखधारी प्राण्याचें पिलूं विक्रीस काढिलें. त्याची किंमत १० डॉलर होती, आणि ता. ३१ जुलै २०११ पर्यंतची सारी किंमत अमेरिकन रेड क्रॉस संस्थेमार्फत जपानकडे जावयाची होती. जमलेली रक्कम १९ लाख डॉलरांहून अधिक भरली. म्हणजे दहा डॉलरांच्या हिशेबानें तें पिलूं सुमारें एक लाख नव्वद हजार घरीं गेलें. ऑक्टोबर २०१२ मध्यें सँडी नांवाच्या वादळानें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची धूळदाण उडविली, तेव्हां ज्याच्या अंगांतून निखाऱ्यासारख्या ज्वाळा निघतात असें एक मांजराचें पिलूं त्याच किंमतीस काढण्यांत आलें, व त्यानें २३ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळवून दिली. ह्या खेळाडूंपैकीं कोणीही धनाढ्य असण्याचें कारण नव्हतें. थेंबे थेंबे तळें साचे, ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरली.

दुसरी पद्धति निराळी आहे. हींत नवी वस्तु काढीत नाहींत. ठराविक मुदतींतील नित्याच्याच विक्रीचें उत्पन्न मदतीस देतात. ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण फोर्टनाइट ह्या खेळाचें होय. हा खेळ खेळण्यास पैसे पडत नाहींत. सारें उत्पन्न वेष, अलंकार इत्यादि वस्तूंच्या विक्रीचें असतें. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर मोठें आक्रमण केलें व लक्षावधि स्त्रिया-मुलें घरदार सोडून परागंदा झालीं. तेव्हां खेळाची चालक कंपनी एपिक गेम्स हिनें ता. २० मार्च ते ३ एप्रिल २०२२ पर्यंतचें फोर्टनाइटचें सारें उत्पन्न युक्रेनच्या लोकांच्या साहाय्यास देण्याचें जाहीर केलें. एक्सबॉक्स ह्या यंत्राच्या चालकांनींही ह्या विक्रींतील आपला वांटा सोडला. २० मार्च हा खेळाच्या नव्या पर्वाचा पहिला दिवस, म्हणजे विक्रीच्या सुगीचाच दिवस होता. पहिल्याच दिवशीं ३ कोटि ६० लाख डॉलर झाले, आणि दोन आठवड्यांच्या शेवटीं ही रक्कम १४ कोटि ४० लाख डॉलरांवर गेली. युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, संयुक्त राष्ट्रांचें निर्वासित कार्यालय, औषधें पुरविणारी डायरेक्ट रिलीफ आणि अन्नछत्रें चालविणारी वर्ल्ड सेंट्रल किचन, अशा संस्थांत ती वांटली गेली.

ह्या उदाहरणांत दोन बारकावे लक्षांत घेण्यासारखे आहेत. एक असा कीं, त्या खेळांत आधीं खऱ्या पैशांनीं खेळांतील नाणीं विकत घेतात व मग त्या नाण्यांनीं वस्तू घेतात. मुदतींत जीं नाणीं खऱ्या पैशांनीं घेतलीं गेलीं, तेवढींच मदतीच्या हिशेबांत धरलीं. ज्यानें पूर्वीं घेऊन ठेवलेलीं नाणीं त्या पंधरवड्यांत खर्च केलीं, त्याच्या खरेदीपासून युक्रेनला कांहींच मिळालें नाहीं. कारण उघड आहे. तो पैसा कंपनीच्या तिजोरींत आधींच आला होता. दुसरा बारकावा वेळेचा. असा व्यवहार यंत्रांचे व दुकानांचे चालक, पेढ्या इत्यादिकांच्या हातून फिरत फिरत कंपनीकडे येतो, आणि त्यास कित्येक आठवडे लागतात. उपाशी माणसास इतके दिवस थांबतां येत नाहीं. म्हणून विक्रीची नोंद झाली कीं, पैसा हातीं येण्याची वाट न पाहतां थोड्या दिवसांतच तेवढी रक्कम संस्थांकडे पाठविण्याचें कंपनीनें ठरविलें. दानाच्या प्रमाणाइतकीच ही तत्परताही वाखाणण्याजोगी होय.

तिसरी पद्धति सर्वांत चमत्कारिक आहे. आइसलंड बेटावरील सीसीपी ह्या कंपनीच्या ईव्ह ऑनलाइन नांवाच्या खेळांत खेळाडू अंतराळांत खाणी खणतात, जहाजें बांधतात, व्यापार करितात आणि खेळांतील चलन कमावितात. हा खेळ चालू ठेवण्यास वर्गणी पडे. कंपनीनें तीस दिवसांच्या वर्गणीची एक हुंडीच जणूं खेळांत प्रचारांत आणिली. तिचें नांव प्लेक्स. ज्याच्यापाशीं खरे पैसे आहेत त्यानें ती कंपनीकडून विकत घ्यावी व खेळांतील बाजारांत विकून खेळांतील चलन मिळवावें. ज्याच्यापाशीं खरे पैसे नाहींत, पण खेळांत कष्ट करण्यास वेळ आहे, त्यानें तें चलन देऊन ती घ्यावी. संकटप्रसंगीं कंपनीनें खेळाडूंस सांगितलें कीं, तुमच्यापाशींच्या ह्या हुंड्या आम्हांस परत द्या. प्रत्येक हुंडीमागें आम्ही खरे डॉलर मदतीस देऊं. नोव्हेंबर २०१३ मध्यें हैयान नांवाच्या तुफानानें फिलिपाइन्स बेटांत सहा हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला, त्या वेळीं खेळाडूंनीं १२,७२६ प्लेक्स दिले, आणि दर प्लेक्समागें १५ डॉलर ह्या प्रमाणें १,९०,८९० डॉलर आइसलंडच्या रेड क्रॉसकडे गेले.

वरवर पाहतां येथें काल्पनिक धनाचें खरें धन झालें, असें वाटतें. पण जादू कोठेंच नाहीं. प्रत्येक हुंडी पूर्वीं कोणीतरी खऱ्या पैशांनीं घेतलेलीच होती. ती परत आली म्हणजे तीस दिवस खेळूं देण्याच्या देण्यांतून कंपनी मोकळी झाली, आणि त्या बदल्यांत तिनें पैसा दिला. तरीही ह्या पद्धतींत एक सुंदर गोष्ट साधली. ज्याच्या खिशांत देण्यास कांहींच नव्हतें, त्या खेळाडूच्या फावल्या वेळच्या कष्टांसही दानाचें रूप मिळालें.

ह्या तिन्ही पद्धतींत एक गुण समान आहे. अखेरीस साहाय्यकर्त्यांच्या हातीं जातो तो पैसा, जिन्नस नव्हे. कित्येकांस असें वाटतें कीं, वस्तु पाठविणें हें अधिक प्रेमाचें लक्षण आहे. परंतु डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले, कारण कोळ्यांच्या बायामुलांस त्यांचा उपयोग नव्हता. ज्या वस्तूंची गरज नाहीं त्या उतरविणें, निवडणें व सांठविणें ह्यांतच कार्यकर्त्यांचें बळ खर्च होतें. उलट पैसा एका दिवसांत पोंचतो, आणि जेथें जें हवें तेथें तें त्यांतून घेतां येतें: एकीकडे पाणी, दुसरीकडे औषध, तिसरीकडे तंबू. शिवाय जवळच्या बाजारांत खरेदी झाली तर तेथील दुकानदारासही पुन्हां उभें राहण्यास हातभार लागतो.

आतां ह्या रीतीवर जे आक्षेप घेण्यांत येतात, त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, मोबदल्यांत कांहीं घेऊन दिलें तें दान कसलें? हा आक्षेप अगदींच निरर्थक नाहीं. ज्यानें केवळ पिलाच्या हौसेनें दहा डॉलर दिले, त्याला आपण फार मोठा त्याग केला असें मानण्याचा अधिकार नाहीं. आणि फोर्टनाइटच्या विक्रींत जो पैसा खेळाडू एरव्हींही खर्च करणारच होता, त्यापुरतें दान खेळाडूचें नसून कंपनीचें होय. पण ज्याच्या घरावरचें छप्पर उडालें आहे, त्याच्या दृष्टीनें देणाराचा हेतु किती शुद्ध होता ह्यापेक्षां तंबू मिळाला कीं नाहीं, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. दुसरा आक्षेप असा कीं, कंपनीला फुकटची कीर्ति मिळते. ती मिळते खरी. परंतु तिनें रक्कम खरोखर दिली असेल तर ती कीर्ति फुकटची म्हणतां येणार नाहीं. तिसरा आक्षेप मात्र अधिक विचारार्ह आहे. अशी विक्री लोकांचें लक्ष जेथें वेधलें असेल तेथेंच होते. ज्या संकटाची वार्ता जगभर गाजते त्याला कोट्यवधि मिळतात, आणि ज्या दुष्काळाची चित्रें कोठेंच झळकत नाहींत, त्यासाठीं कोणी पिलूंही काढीत नाहीं आणि बियाणेंही विकीत नाहीं. म्हणून ही रीति नियमित साहाय्याची जागा घेऊं शकत नाहीं; ती त्यास जोड देऊं शकते, इतकेंच.

ह्यावरून विकत घेणारानें चार प्रश्न विचारणें अवश्य आहे. पहिला प्रश्न: किंमतीचा किती भाग मदतीस जाणार? 'मदतीसाठीं विक्री' एवढ्या शब्दांवर भुलूं नये. झिंगा कंपनीनेंच भूकंपापूर्वीं, ऑक्टोबर २००९ पासून, हैतीच्या साहाय्यार्थ रताळ्याचें बियाणें विकलें होतें. परंतु तेव्हां उत्पन्नाचा अर्धाच भाग दिला जात होता. त्यांत अयोग्य कांहींच नाहीं. मात्र घेणारास तें ठाऊक असलें पाहिजे. तसेंच 'सारें उत्पन्न' आणि 'खर्च वजा जातां उरलेलें उत्पन्न' हीं निरनिराळीं आहेत. मोबाइल फोनवरील मोठीं दुकानें अशा विक्रीवर दीर्घकाळ सामान्यतः शेंकडा ३० दलाली घेत आलीं आहेत. ती दलाली कोणी सोडली नाहीं, तर शंभर रुपयांपैकीं सत्तरच शिल्लक राहतात.

दुसरा प्रश्न: पैसा कोणत्या संस्थेकडे जाणार? संस्थेचें नांव स्पष्ट लिहिलेलें असावें, आणि त्या संस्थेनेंही तें मान्य केलेलें असावें. नुसतें 'भूकंपग्रस्तांस' म्हटल्यानें कोणी बांधला जात नाहीं. तिसरा प्रश्न: मुदत कोणती? पुष्कळदां मुदत संपल्यावरही तीच वस्तु त्याच किंमतीस दुकानांत राहते, पण तेव्हांपासून तिचा पैसा केवळ कंपनीचा असतो. चौथा प्रश्न: अखेर किती जमलें व किती दिलें, हें कोणी जाहीर केलें काय? वर सांगितलेल्या विक्रींचे आंकडे आपणांस सांगतां येतात, ह्याचें कारण त्यांचा आकार प्रसिद्ध करण्यांत आला. ज्या निधीचा शेवटचा आंकडा कोणासच सांगतां येत नाहीं, त्याच्या उद्देशाविषयीं संशय घेणें हा दुष्टपणा नसून कर्तव्य होय.

एक धोका ह्याहून मोठा आहे, तो ठकांचा. संकटाची बातमी पसरतांच कोणीही खेळांत उभा राहून 'मला तुमच्या वस्तू द्या, मी त्या विकून पूरग्रस्तांस पैसे पाठवितों' असें म्हणूं शकतो. ईव्ह ऑनलाइनमध्यें तर एकमेकांस व्यापारांत ठकविणें हा खेळाचाच एक भाग समजला जातो. म्हणूनच तेथें प्लेक्स देणारांनीं ते कंपनीनें जाहीर केलेल्या अधिकृत नांवावरच पाठवावयाचे, असा निर्बंध होता. खेळांतील वस्तू कंपनीच्या परवानगीवांचून परस्पर खऱ्या पैशांस विकणें हें बहुतेक खेळांच्या नियमांविरुद्ध असतें. अशा विक्रींत वस्तूही जाते, खातेंही बंद होतें, आणि तक्रार ऐकून घेण्यास कोणी उरत नाहीं. चांगला हेतु हा नियमभंगास परवाना नव्हे.

विद्यार्थिमित्रांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. पडद्यावर बोट ठेवतांच खर्च होणारा पैसा बहुधा आपला नसून वडिलांचा असतो. त्यांस न विचारतां केलेलें दान हें दान होऊं शकत नाहीं, कारण जें आपलें नाहीं तें देण्याचा अधिकारही आपला नाहीं. विचारून, वरील चार प्रश्नांचीं उत्तरें त्यांस दाखवून, मग आनंदानें घ्यावें. आणि उत्तरें समाधानकारक न मिळालीं, तर तेच दहा-वीस रुपये एखाद्या विश्वासू संस्थेकडे सरळ पाठवावे. तेथें पिलूं मिळणार नाहीं, वेष मिळणार नाहीं. पावती मिळेल, आणि मधली वजावटही टळेल.

तात्पर्य, ही नवी रीति टाकाऊ नाहीं आणि डोळे झांकून स्वीकारण्यासारखीही नाहीं. जिची प्रत काढण्यास कांहीं पडत नाहीं अशी वस्तु, लक्षावधि लोकांची हौस आणि परदुःखाची जाणीव, हीं तीन एकत्र आलीं म्हणजे थोड्या दिवसांत केवढी रक्कम उभी राहूं शकते, हें जपान, फिलिपाइन्स व युक्रेन येथील प्रसंगांनीं दाखवून दिलें आहे. परंतु त्या रकमेचा प्रत्येक पैसा विश्वासानें दिलेला असतो. ज्या मातेनें छावणींत भाकरीसाठीं हात पुढें केला आहे, तिला त्या ज्वाळांच्या मांजराची किंवा न उगवणाऱ्या मुळ्याची वार्ताही नसते. तिच्यापर्यंत भाकरी पोंचली, तरच तो व्यवहार पुरा झाला. आणि ती पोंचली कीं नाहीं, हें विचारणें विकणाराइतकेंच विकत घेणाराचेंही काम आहे.